वखार आणि गोदाम: एका अर्थाचे दोन शब्द

'इंग्रजांनी सुरतेला वखार घातली' हे वाक्य शाळेत वाचताना कित्येकांच्या डोळ्यांपुढे सागवानाचे ओंडके येतात. मुलांची त्यात चूक नाही. आज बोलण्यातली वखार लाकडाची, फार तर कोळशाची. बाकीचा माल गोदामात.

सतराव्या शतकातली वखार मात्र नुसती साठवणीची जागा नव्हती. इंग्रज तिला 'फॅक्टरी' म्हणत, पण तिथे काहीच तयार होत नसे. 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा खरेदी-विक्री पाहणारा माणूस. तो राहतो ती फॅक्टरी. माल, रोकड, वह्या आणि गोऱ्यांची बिऱ्हाडे एकाच आवारात. राजकारणही तिथूनच चाले. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा डागायला गेले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली आणि तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन कैदेत पडला.

गोदाम हा शब्द त्या मानाने भटक्या. मलय भाषेतला 'गुदांग' युरोपीय व्यापाऱ्यांनी उचलला, त्याचा इंग्रजीत 'गोडाऊन' झाला. पण मलयमध्ये तो दक्षिण भारतातूनच, तमिळ-तेलुगूतून गेला असावा, असे मानले जाते. म्हणजे घरचाच पाहुणा! जुनी माणसे 'गुदाम' म्हणतात.

धान्याची गोष्ट आणखी वेगळी. कोठार आले संस्कृत 'कोष्ठागार'वरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कोष्ठागारापाशी पाऊस मोजण्याचे भांडे ठेवायला सांगितले आहे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात फारसी 'अंबार', म्हणजे ढीग, दडलेला आहे. जमिनीत खणलेले ते पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध. 'पेव फुटणे' आपण रोज म्हणतो, पेव पाहिलेले किती?

वखारीचा जुना, रुंद अर्थ टिकवला तो सरकारी मराठीने. १९५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात जे महामंडळ सुरू झाले, तेच आजचे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ. शेतकरी तिथे तूर, सोयाबीन ठेवतो, वखार पावती घेतो आणि ती तारण ठेवून बँकेतून कर्ज उचलतो. घरी कुणी विचारले तर सांगतो, 'माल गोडाऊनला टाकलाय.'