लेखन थांबले, उच्चार पुढे गेले

रात्र या अर्थाचा ‘नाइट’ आणि घोडेस्वार योद्धा या अर्थाचा ‘नाइट’ यांत फरक काय, असे विचारले की शाळेत ठरलेले उत्तर मिळते: दुसऱ्यात ‘के’ सायलेंट. मुळात मात्र तो सायलेंट नव्हताच. प्राचीन इंग्रजीत हे शब्द साधारण ‘निख्त’ आणि ‘क्निख्त’ असे उच्चारले जात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. ‘ख’शी जवळीक असलेल्या मधल्या घर्षक (हवा घासत निघणाऱ्या) ध्वनीसाठी, १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या लेखनिकांनी ‘जी-एच’ ही जोडी रूढ केली. कालांतराने तो ध्वनी प्रमाण इंग्रजीतून लोपला, आरंभीचा ‘क’ही गळाला, आणि दोन शब्द कानाला एक झाले.

स्वरांची उलथापालथ याहून मोठी होती. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिले. भेटणे या अर्थाचा ‘मीट’ त्याआधी ‘मेट’सारखा ऐकू येई, तर मांस या अर्थाच्या ‘मीट’मधला स्वर ‘मेट’ आणि ‘मॅट’ यांच्या मधला होता. दुहेरी ‘ई’ आणि ‘ई-ए’ हा स्पेलिंगमधला भेद त्या उच्चारभेदाचाच अवशेष आहे. (‘ग्रेट’ आणि ‘ब्रेक’ मात्र ‘ई-ए’ असूनही ‘ई’पर्यंत पोहोचले नाहीत.) विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो नेमका या स्थित्यंतराच्या काळात, आणि पुढे छपाईमुळे स्पेलिंग स्थिरावत गेले तरी उच्चार बदलतच राहिले.

फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ आणि पीठ या अर्थाचा ‘फ्लॉवर’, यांची गोष्ट उलट दिशेची आहे: उच्चार एकच राहिला, स्पेलिंगे दोन झाली. तो मुळात एकच शब्द. दळणातला सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचे ‘फूल’. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही पिठाचे वेगळे स्पेलिंग नाही.

मराठीत आल्यावर आणखी नव्या जोड्या जुळल्या. टॉर्चमधला ‘सेल’ आणि दुकानात लागणारा ‘सेल’ इंग्रजीत सारखे उच्चारले जात नाहीत. पहिल्यातला ‘ए’ आखूड, दुसऱ्यातला लांबून ‘इ’कडे झुकणारा. मराठीत ‘ए’च्या अशा दोन छटा अर्थभेद करत नाहीत, त्यामुळे ‘सेल संपला’ म्हटल्यावर अंधार झाला की सवलत गेली, हे मागच्या वाक्यावरूनच ओळखावे लागते.