वाळवंटाखालचं पाणी आणि हादऱ्यांची मालिका

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साल्टन समुद्राजवळ छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली की दोन मतं लगेच फिरायला लागतात. एक, ‘आता महाभूकंप येणार.’ दुसरं, ‘बरं झालं, जमिनीतला ताण थोडा थोडा निघून जातोय.’ दोन्ही चूक आहेत. आणि या दोन्हींच्या गलक्यात मूळ गोष्ट बाजूलाच राहते. असे हादरे म्हणजे जमिनीखाली काहीतरी सरकत असल्याची खूण असते, आणि नेमकं काय सरकतंय याचा अंदाज हादऱ्यांच्या पसरण्याच्या वेगावरून बांधता येतो.

आधी जागा समजून घेऊ. साल्टन समुद्र हे खरं तर वाळवंटातलं खारं सरोवर. 1905 साली कोलोराडो नदी कालव्याचे बांध फोडून या खोलगट भागात शिरली आणि 1907 पर्यंत वाहत राहिली, त्यातून ते तयार झालं. त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 70 मीटरहून खाली आहे. ही जमीन इतकी खोलगट का, याचं उत्तर भूगर्भात सापडतं. पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकी हे दोन भूपट्ट इथे एकमेकांना घासत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतात. उत्तरेकडून येणारा सॅन आंद्रियास हा प्रस्तरभंग (म्हणजे फॉल्ट, खडकातली सरकणारी भेग) सरोवराच्या पूर्व काठावर बॉम्बे बीचजवळ संपतो. दक्षिणेला इम्पीरियल प्रस्तरभंग सुरू होतो, पण तो त्याच रेषेत नाही, थोडा बाजूला आहे. या दोघांच्या मधला तुकडा ताणला जातो, पातळ होतो, खचतो. त्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे छोटे आडवे प्रस्तरभंग आहेत. हाच ब्रॉली भूकंपप्रवण पट्टा. कवच ताणलेलं असल्यामुळे खालची उष्णता वर येते. सरोवराच्या दक्षिण टोकाला दोन किलोमीटर खोलीवरच 300 अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं, क्षारांनी भरलेलं पाणी आहे. त्यावर वीजकेंद्रं चालतात आणि जवळच चिखलाची कुंडं खदखदत असतात.

नेहमीच्या भूकंपाचा एक क्रम असतो. मोठा धक्का बसतो, मग लहान धक्के, आणि त्यांची संख्या दिवसागणिक ठरावीक रीतीने घटत जाते. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी हा नियम 1894 साली मांडला. मालिकेत हा क्रम मोडतो. 26 ऑगस्ट 2012 रोजी ब्रॉली गावाजवळ शेकडो हादरे बसले. त्यातले दोन सर्वांत मोठे 5.3 आणि 5.4 तीव्रतेचे, आणि दोघांमध्ये दीड तासाचंही अंतर नव्हतं. यातला ‘मुख्य’ कुठला म्हणायचा? मुख्य धक्काच नसेल, तर बाकीच्यांना ढकलतंय कोण?

पहिला संशयित पाणी. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं ओझं सुमारे 1,300 वातावरणं इतका दाब देतं (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). हा दाब प्रस्तरभंगाच्या दोन भिंती एकमेकींवर घट्ट आवळून धरतो, आणि त्यामुळेच घर्षण त्यांना सरकू देत नाही. पण खडकाच्या रंध्रांमध्ये पाणी आहे. पृष्ठभागापर्यंत सलग पाणी धरलं, तर त्याचा दाब त्या खोलीवर सुमारे 490 वातावरणं होतो आणि तो भिंतींना आतून बाहेर ढकलतो. म्हणजे घर्षणाच्या हिशेबात उरतात 1,300 वजा 490, सुमारे 810 वातावरणं. आता खालून आणखी पाणी कोंडून आलं आणि त्याचा दाब 100 वातावरणांनी वाढला, तर उरतात 710. भूपट्टांचा रेटा तसूभरही वाढलेला नाही, पण पकड सैल झाली. प्रस्तरभंग आधीच निसटायच्या बेतात असेल, तर एवढंही पुष्कळ होतं.

एम. किंग हबर्ट आणि विल्यम रूबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी 1959 साली हे तत्त्व मांडताना दाखवलेला प्रयोग मला फार आवडतो. एक रिकामा पत्र्याचा डबा थंड करून, उघडं तोंड खाली ठेवून, ओल्या काचेवर पालथा घालायचा. काच जेमतेम कललेली. डबा हलत नाही. हळूहळू आतली हवा तापते, फुगते, पण काठाशी पाण्याचा थर असल्याने बाहेर पडू शकत नाही. ती डब्याचं थोडं वजन पेलू लागते आणि डबा आपोआप घसरू लागतो. काचेच्या कडेबाहेर त्याचं तोंड आलं की हवा निसटते आणि डबा जागच्या जागी थांबतो.

कोलोराडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने 1969 ते 1973 या काळात हेच प्रत्यक्ष खडकावर करून पाहिलं. विहिरींमधून पाण्याचा दाब सुमारे 257 बारच्या (एक बार जवळपास एका वातावरणाएवढा) वर नेला की भूकंप वाढत, पाणी उपसून दाब उतरवला की ते ओसरत.

आता वेगाकडे वळू. खडकातून दाब पसरतो तो विसरणाने (डिफ्युजनने), म्हणजे गाठलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पहिला किलोमीटर दहा दिवसांत गाठला, तर दोन किलोमीटरला वीस नव्हे, चाळीस दिवस लागतात, आणि तीनला नव्वद. हादऱ्यांच्या जागा आणि वेळा आलेखावर मांडल्या आणि त्यांची पुढची कड अशी वाकत मंदावताना दिसली, तर संशय पाण्यावर जातो. साल्टनच्या पश्चिमेला काहुईया परिसरात 2016 ते 2019 दरम्यान चाललेल्या मालिकेत संगणकाला शिकवून, नोंदींच्या गोंगाटात दडलेले 22,000 हून अधिक भूकंप वेचून काढले गेले. सर्वांत मोठा फक्त 4.4 तीव्रतेचा. सुमारे आठ किलोमीटर खोलीवर सुरू होऊन ते प्रस्तरभंगातल्या वाटा धरत वर्षानुवर्षं पसरत गेले. पाण्याची चाल ती हीच.

साल्टनच्या काही मालिका मात्र याहून कितीतरी वेगाने पळतात, तासाला शंभर मीटर ते एक किलोमीटर. विसरणाने जाणाऱ्या पाण्याला हे झेपत नाही. 2005 साली सरोवराच्या दक्षिण टोकाजवळच्या मालिकेत उपग्रहाच्या रडारने जमीन किती हलली ते मोजलं, तेव्हा हादऱ्यांच्या बेरजेतून निघते त्यापेक्षा ती जास्त सरकलेली निघाली. म्हणजे प्रस्तरभंगाचा मोठा भाग आवाज न करता, हळू घसरत होता. हादरे होते त्याच्या वाटेतले अडकलेले खडबडीत तुकडे तुटल्याचे. हा दुसरा संशयित. दोघे एकत्रही काम करतात, पाणी पकड सैल करतं आणि घसरण पुढे धावते.

‘ताण निघून जातोय’ या समजुतीला साधा गुणाकार पुरतो. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. 7 तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला 4 तीव्रतेचे सुमारे 32 हजार भूकंप लागतील. एवढे एका मालिकेत येत नाहीत. ग्रहांच्या युतीवरून भूकंपाची तारीख सांगणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणतो की युती साऱ्या पृथ्वीसाठी एकच असते. मग हादरे नेमके या काही किलोमीटरच्या पायऱ्यांवरच का बसतात, हे त्यांनी सांगावं.

तरीही शास्त्रज्ञ इथल्या मालिकांकडे दुर्लक्ष करत नाहीत. नोव्हेंबर 1987 मध्ये याच भागात एका आडव्या प्रस्तरभंगावर 6.2 चा भूकंप झाला आणि सुमारे बारा तासांत त्याला जवळजवळ काटकोनात असलेल्या सुपरस्टिशन हिल्स प्रस्तरभंगावर 6.6 चा. सॅन आंद्रियासचा दक्षिण तुकडा तर सुमारे 300 वर्षं मोठ्या भूकंपाविना ताणला जातोय. म्हणून 26 सप्टेंबर 2016 ला बॉम्बे बीचजवळ शंभराहून अधिक हादरे बसले, मोठ्यात मोठा 4.3 चा, तेव्हा भूगर्भ सर्वेक्षण विभागाने आकडे जाहीर केले. पुढच्या सात दिवसांत 7 किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता 3,000 मध्ये 1 ते 100 मध्ये 1 यांच्या दरम्यान, तर एरवीच्या कुठल्याही आठवड्यात ती सुमारे 6,000 मध्ये 1. शक्यता वाढली होती, हे खरं. पण सर्वांत वाईट अंदाजातही 100 पैकी 99 वेळा काही होणार नव्हतं. मालिका थंडावली तसे हे आकडे खाली आणले गेले आणि तो आठवडा मोठ्या भूकंपाविना गेला.