मालागोलाणूंचे घसावाहक : उपचार व साथनियंत्रण

घशात ‘अ’ गटाचे मालागोलाणू, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, टिकून आहेत. पण घसा दुखत नाही, ताप नाही आणि रक्तातील एएसओ (या जंतूंविरुद्ध शरीर बनवत असलेले प्रतिपिंड) पातळीही चढत नाही, अशा व्यक्तीस घसावाहक म्हणतात. समशीतोष्ण देशांत हिवाळ्यात व वसंतात शाळकरी मुलांत त्यांचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाते.

वाहकामुळे साथ कितपत पसरते, हा जुना वाद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास संशोधक हॅम्बर्गर यांनी केवळ घशात जंतू असणाऱ्यांपेक्षा नाकात असणारे अधिक जंतू उधळतात, असे दाखवले. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर १९४९ पासून रॅमेलकॅम्प व सहकाऱ्यांनी काम केले. तेथील ब्लँकेटांत व धुळीत जिवंत जंतू सापडत, पण त्यांच्या संपर्कातून संसर्ग झाल्याचे दिसले नाही. खाटा जितक्या जवळ, तितकी लागण मात्र जास्त. शिवाय वाहकत्व जुने होते तसे जंतू कमी होतात व त्यांचे एम प्रथिनही (जंतूच्या पृष्ठभागावरील, त्याला रोगकारक बनवणारे प्रथिन) घटते. त्यामुळे नुकताच संसर्ग झालेल्यासच मुख्य स्रोत मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

म्हणून एरवी वाहकांवर उपचार करत नाहीत. संधिज्वराची (र्‍हुमॅटिक फीवर), वृक्कशोथाची (मूत्रपिंडाचा दाह) वा खोल संसर्गाची साथ, बराक-वसतिगृहासारख्या बंदिस्त वस्तीतील घसादुखीची साथ आणि घरात कोणाला संधिज्वर झालेला असणे, हे अपवाद होत.

वाहक ओळखण्यासाठी स्वॅब (तपासणीचा बोळा) दोन्ही टॉन्सिलांवर व घशाच्या मागच्या भिंतीवर घासावा. जिभेला वा गालाला लागलेला बोळा टाकून द्यावा. रक्त-आगरवर (जंतू वाढवण्याचे माध्यम) २४ तासांनी हे जंतू वाढलेले दिसले नाहीत तरी ४८ तासांनी पुन्हा पाहावे.

सरसकट प्रतिबंधासाठी बेंझाथिन पेनिसिलीन १२ लाख युनिट एकदाच, खोल स्नायूत देतात; २७ किलोपेक्षा कमी वजनास ६ लाख. मिश्रण दाट व दुधाळ असल्याने बारीक सुईत अडकते. २१ गेजची सुई घ्यावी, भरल्यावर लगेच टोचावे, दट्ट्या सावकाश पण न थांबता दाबावा. शिरेत ते कधीही देऊ नये.

पेनिसिलीनला दाद न देणारा ‘अ’ गटाचा जंतू रुग्णांत आढळलेला नाही, तरी वाहकांत ते एकटे वारंवार अपुरे पडते. याचे कारण शेजारच्या इतर जंतूंचे बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलीन निकामी करणारे विकर) की पेशींत दडलेले जंतू, यावर एकमत नाही. क्लिंडामायसिन दर किलोस रोज २०–३० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून १० दिवस, हा पर्याय अधिक खात्रीचा. किंवा पेनिसिलीनला रिफॅम्पिसिनची ४ दिवसांची जोड देतात; ते क्षयावरचे औषध असल्याने आधी क्षय नाही ना, हे पाहावे.

अर्ध्या बराकीस आज व उरलेल्यांस आठवड्याने औषध दिल्यास जंतू पुन्हा पसरतो. सर्वांना एकाच वेळी द्यावे.