सिंफनी वाद्यवृंदाचे व्यवस्थापन

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा सिंफनी वाद्यवृंद चालता ठेवण्यासाठी लागणारी पैशांची, माणसांची आणि कार्यक्रमांची व्यवस्था. पूर्ण आकाराच्या वाद्यवृंदात साधारण ८० ते १०० वादक असतात. त्यांचे पगार, पाहुण्या कलाकारांची बिदागी, सभागृह, दौरे, स्वामित्वहक्क असलेल्या रचनांच्या स्वरलिपींचे भाडे हा सगळा खर्च तिकीटविक्रीतून सहसा निघत नाही, सभागृह खच्चून भरले तरीही नाही. उरलेली तूट कोण भरतो, हा या व्यवसायातला कळीचा प्रश्न आहे. वाद्यवृंदात शब्द कोणाचा चालणार, हेही बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

तूट आली म्हणजे कारभार ढिसाळ, असे मात्र नाही. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. आजही तिला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि वादकही कमी करता येत नाहीत. गिरणीत नवे यंत्र आले की तेवढ्याच कामगारांकडून दुप्पट कापड निघते. व्हायोलिनवादकाने दुप्पट वेगाने वाजवून कोणाचेच भले होत नाही. पगार मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढवावेच लागतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करून ही अडचण मांडली. पुढे शिक्षण आणि आरोग्यसेवा का महागत जातात, हे समजावतानाही हाच युक्तिवाद वापरला गेला.

युरोपातील काही नामवंत वाद्यवृंदांचा कारभार वादकांच्याच हाती आहे, आणि त्यामागे जुनी भांडणे आहेत. बर्लिनमध्ये स्वतःचा वाद्यवृंद चालवणाऱ्या बेंजामिन बिल्झे याच्या पदरी असलेल्या वादकांना वॉर्साच्या दौऱ्यावर रेल्वेच्या चौथ्या वर्गातून न्यायचे ठरले. आधीच धुमसत असलेल्या असंतोषाला हे निमित्त पुरले आणि १८८२ मध्ये ५४ वादक बाहेर पडले. त्यांचाच पुढे बर्लिन फिलहार्मोनिक झाला. आज तो सरकारी अनुदानावर चालणारा न्यास आहे, पण प्रमुख वाद्यवृंदसंचालक (कंडक्टर) अजूनही वादकच मतदानाने निवडतात. मे २०१५ मध्ये त्यासाठी सगळे वादक एका चर्चमध्ये दिवसभर बसले आणि एकमत न होताच उठले. जूनमध्ये किरिल पेट्रेंको यांची निवड झाली. नवा वादक घ्यायचा की नाही, यातही वादकांचे मत निर्णायक असते. १९८३ मध्ये साबिने मायर या क्लॅरिनेटवादिकेच्या नेमणुकीवरून त्यांनी तेव्हाचे प्रमुख संचालक हर्बर्ट फॉन काराजान यांना प्रत्यक्ष विरोध केला होता, आणि तो वाद वादक व काराजान यांच्या संबंधांना कायमचा चरा पाडून गेला.

लंडनमध्ये ठिणगी पडली ती बदली वादकांच्या प्रथेवरून. एखाद्या वादकाला जास्त पैशांचे काम मिळाले की तो तालमीला आपल्या जागी दुसऱ्याला पाठवी, तो दुसरा तिसऱ्याला, आणि कार्यक्रमाच्या रात्री खुर्चीवर भलताच कोणीतरी बसलेला दिसे. क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात संचालक हेन्री वुड यांनी ही प्रथा बंद करताच सुमारे ४० वादक फुटले आणि १९०४ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. संचालकाच्या बाजूने पाहिले तर वुड यांचे चुकले असे म्हणता येत नाही. पण पोटापाण्यासाठी चार ठिकाणी वाजवणाऱ्याला ती बंदी परवडणारी नव्हती. हा वाद्यवृंद वादकांच्याच मालकीचा आहे. वादकांना कायम पगार नाही, कामाप्रमाणे पैसे मिळतात. साहजिकच चित्रपटांचे पार्श्वसंगीत आणि ध्वनिमुद्रण त्यांच्यासाठी महत्त्वाचे ठरले.

अमेरिकेत तूट भरतात ते धनिक देणगीदार. हेन्री ली हिगिन्सन यांनी १८८१ मध्ये बॉस्टन सिंफनी सुरू केली आणि वर्षानुवर्षे पदरमोड करून चालवली. पुढे एकट्या दात्याची जागा विश्वस्त मंडळांनी घेतली, आणि कायम निधी उभारून त्याच्या उत्पन्नावर काही खर्च भागवण्याची पद्धत रुळली. १९६६ मध्ये फोर्ड फाउंडेशनने वाद्यवृंदांसाठी ८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाहीर केल्यावर तिला मोठे बळ मिळाले.

पैसा आणणारे मंडळ संगीतातही हात घालते तेव्हा काय होते, याचे उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. तिथल्या फिलहार्मोनिकने गेऑर्ग सोल्टी यांना प्रमुख संचालक म्हणून नेमले होते. ते रुजू होण्याआधीच मंडळाच्या कर्त्याधर्त्या डोरोथी चँडलर यांनी त्यांना न विचारता एका तरुणाला सहायक नेमून टाकले. सोल्टींनी १९६१ मध्ये पद सोडले. तो तरुण म्हणजे मुंबईचे झुबिन मेहता. १९६२ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी ते तिथले प्रमुख झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. निवड फळली. रीत मात्र बरी नव्हती.

बाजार पडला की ही व्यवस्था कुठे कच्ची आहे ते दिसते. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने २०११ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात पगारकपातीवरून बोलणी फिसकटली आणि ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत वादकांना टाळेबंदी सोसावी लागली. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर कोट्यवधी डॉलर खर्च होत होते, हे वादकांना झोंबल्याशिवाय कसे राहील? प्रमुख संचालक ओस्मो व्हान्स्का यांनी मध्येच राजीनामा दिला. समेट झाल्यावर ते परतले.

रोजचा कारभार याहून शांत असतो. वादकांचा व्यवस्थापक घड्याळावर नजर ठेवतो, कारण करारातली वेळ उलटली की जादा पैसे द्यावे लागतात. संचालकाला एखादा तुकडा पुन्हा घ्यायचा असला तरी तालीम थांबते. तंतुवाद्यांच्या प्रत्येक विभागात गज एकाच दिशेने चालावा म्हणून स्वरलिपी सांभाळणारा ग्रंथपाल पहिल्या तालमीआधीच प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवतो. निवडचाचणीत उमेदवार पडद्याआड वाजवतो, आणि पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून कित्येक ठिकाणी गालिचाही अंथरतात.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. सध्याचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने) स्थापन केला. खुश्रू सनटूक आणि कझाखस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे संस्थापक. मुंबईत मुक्काम असलेल्या मोजक्या वादकांभोवती प्रत्येक हंगामापुरते परदेशी वादक बोलावून तो पूर्ण केला जातो. वर्षभराचे शंभर पगार त्यामुळे वाचतात. मात्र दर हंगामाला विमानभाडे आणि राहण्याची सोय करावी लागते. बाहेरच्यांवरची ही भिस्त कमी व्हावी म्हणून मुंबईतले हे वादक लहान मुलांना वाद्ये शिकवतात.