अभ्यासकांसोबत पुस्तकचर्चा (अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं)

अमेरिकेतल्या पब्लिक लायब्रऱ्यांमधे चालणारा वाचनाचा उपक्रम. सगळ्यांनी एकच पुस्तक घरी वाचून यायचं, मग साहित्य किंवा इतिहास शिकवणारे एखादे प्राध्यापक त्यावर बोलतात आणि नंतर मोकळी चर्चा होते. फी नसते, पुस्तकाच्या प्रतीही बहुतेक ठिकाणी लायब्ररीच वाचायला देते.

सुरुवात १९७० च्या दशकाच्या शेवटी व्हरमाँट राज्यातल्या रटलंडच्या लायब्ररीत झाली. १९८२ पासून अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 'लेट्स टॉक अबाउट इट' या नावाने तो देशभर नेला, पैसे दिले नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजने (ही साहित्य, इतिहास अशा विषयांना अनुदान देणारी १९६५ ची केंद्र सरकारची संस्था). पुढे राज्याराज्यांतल्या ह्युमॅनिटीज कौन्सिलांनी (एंडाउमेंटचं अनुदान मिळणाऱ्या तिथल्या संस्थांनी) हे काम उचललं, ओक्लाहोमात तर ते अनेक वर्षं टिकलं.

मूळ साचा साधारण असा की एक विषय, त्यावर पाचेक पुस्तकं आणि दर काही आठवड्यांनी एक बैठक. आधी अभ्यासक अर्धा तास वगैरे बोलणार, मग लोक छोट्या गटांत बसून आपापसात बोलणार आणि शेवटी सगळे पुन्हा एकत्र येणार. मला यातला मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण प्राध्यापक समोर असले की लोक गप्प बसतात, आपलं म्हणणं चुकीचं ठरेल असं वाटतं, आणि गटात तेच लोक बिनधास्त बोलतात, मग परत आल्यावर प्रश्नही जास्त नेमके विचारतात. अभ्यासक चांगला असेल तर त्या शेवटच्या भागात तो ऐकतो जास्त, बोलतो कमी.

१९४७ साली शिकागोत सुरू झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनची पद्धत याच्या जवळजवळ उलटी. तिथे चर्चा चालवणारा तज्ज्ञ नसला तरी चालतं, त्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि पुस्तकाबाहेरची माहिती मुद्दाम बाजूला ठेवायची. त्याने वाचक मजकुराला धरून राहतो हे खरंच, पण काही पुस्तकांना बाहेरची माहिती लागतेच. अमेरिकन यादवी युद्धाला १५० वर्षं झाली तेव्हाच्या 'लेट्स टॉक अबाउट इट' मालिकेत एक कादंबरी, त्या युद्धातल्या अँटिटमच्या लढाईवरचा इतिहास आणि भाषणं-आठवणी-कथांचा संग्रह असं एकत्र वाचायला ठेवलं होतं. कादंबरीकाराने काय कल्पलंय आणि कागदपत्रं काय सांगतात हे शेजारी ठेवून बघायचं तर इतिहास जाणणारं माणूस खोलीत हवंच.

खर्च मोठा नसतो, अभ्यासकाचं मानधन, प्रवास आणि पुस्तकांचे संच. पण लहान गावच्या लायब्ररीला तेवढंही स्वतःच्या बजेटमधून काढणं जड जातं, म्हणून हा उपक्रम पहिल्यापासून अनुदानावर उभा आहे. एप्रिल २०२५ मधे एंडाउमेंटने राज्यांच्या कौन्सिलांची अनुदानं अचानक रद्द केली, त्यावर कौन्सिलांकडून कोर्टात दावेही दाखल झाले.