पॅरामीटर की आर्ग्युमेंट?

फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा चालवता येणारा कोडचा तुकडा) लिहिताना कंसात जी नावं ठेवतो ती पॅरामीटर. फंक्शन कॉल करताना, म्हणजे चालवताना, त्या नावांसाठी जे पाठवतो ते आर्ग्युमेंट. व्याख्या एवढीच. बोलताना आपण सगळेच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा एरर मेसेजही ‘एक आर्ग्युमेंट मिळालं नाही’ म्हणतो आणि पुढे नाव छापतो ते पॅरामीटरचं. बरोबरच आहे म्हणा. जे आलंच नाही त्याला स्वतःचं नाव कुठून असणार?

‘क्षेत्रफळ’ हे फंक्शन घ्या, पॅरामीटर दोन: लांबी आणि रुंदी. (पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात, कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) क्षेत्रफळ(५, ३) असा कॉल केला की ५ आणि ३ ही आर्ग्युमेंट, आणि कुठलं कुणाकडे जाणार ते क्रमावरून ठरतं. क्षेत्रफळ(रुंदी=३, लांबी=५) असंही लिहिता येतं. इथे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे पॅरामीटर, उजवीकडे आर्ग्युमेंट. म्हणून पॅरामीटरचं नाव ही फंक्शनची खासगी बाब राहत नाही. उद्या ‘रुंदी’चं ‘रुं’ केलंत, तर नाव घेऊन कॉल करणाऱ्या प्रत्येकाचा कोड मोडेल. हे टाळायचं असेल तर पायथन ३.८ पासून पॅरामीटरच्या यादीत तिरकी रेघ (/) टाकता येते. तिच्या आधीचे पॅरामीटर फक्त क्रमानेच भरता येतात.

फरक खरा बोचतो तो डिफॉल्ट व्हॅल्यूपाशी, म्हणजे आर्ग्युमेंट आलंच नाही तर पॅरामीटरला जे मिळतं त्यापाशी. मी एकदा ‘यादी=[]’ असा, म्हणजे रिकाम्या यादीचा, डिफॉल्ट असलेलं फंक्शन लिहिलं: वस्तू घ्यायची, यादीत टाकायची, यादी परत द्यायची. पहिल्या कॉलला यादीत एक वस्तू, दुसऱ्याला दोन. दर कॉलला नवी रिकामी यादी मिळेल अशी माझी समजूत होती. पण डिफॉल्ट हा पॅरामीटरचा भाग आहे, आणि तो फंक्शन बनवणारी ‘डेफ’ची (def) ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होतो. कॉलमध्ये लिहिलेलं आर्ग्युमेंट मात्र दर कॉलला नव्याने काढलं जातं. म्हणजे मी पॅरामीटरकडून आर्ग्युमेंटच्या वागणुकीची अपेक्षा करत होतो. उपाय सोपा: डिफॉल्ट ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायचा आणि नवी यादी फंक्शनच्या आत बनवायची.

याच जातीचा दुसरा घोळ. फंक्शनच्या आत ‘यादी = []’ लिहिलं तर बाहेरच्या यादीला काहीच होत नाही, कारण फक्त पॅरामीटर हे नाव दुसऱ्या वस्तूला चिकटलं. ‘यादी.अपेंड’ करून यादीत वस्तू जोडली तर बाहेरची यादीच बदलते, कारण ती वस्तू म्हणजेच पाठवलेलं आर्ग्युमेंट.

ताऱ्याचं चिन्हही (*) पायथनमध्ये दोन्हीकडे दिसतं, पण उलटं काम करतं. पॅरामीटरच्या आधी तारा असला तर नाव न घेता पाठवलेली उरलेली सगळी आर्ग्युमेंट तो एका टपलमध्ये (न बदलता येणाऱ्या यादीत) गोळा करतो. कॉलमध्ये यादीच्या आधी असला तर ती यादी सुटी करून एकेक आर्ग्युमेंट पाठवतो.

जावास्क्रिप्ट ही भाषा आर्ग्युमेंट मोजण्याच्या बाबतीत ढिली आहे. आर्ग्युमेंट कमी पडलं तर डिफॉल्ट नसलेला पॅरामीटर मुकाट ‘अनडिफाइन्ड’ (किंमत नसलेला) होतो, जास्त आलं तर ते दुर्लक्षित राहतं. एरर नाही, त्यामुळे चूक खूप पुढे जाऊन सापडते.

टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या बॅशमध्ये तर फंक्शनच्या नावापुढचे कंस कायम रिकामेच. आत नावं लिहिलीत तर सिंटॅक्स एरर येतो. आलेली आर्ग्युमेंट ‘डॉलर १’ ($1), ‘डॉलर २’ ($2) अशी वाचायची, आणि बॅशचं मॅन्युअल यांनाच पोझिशनल (क्रमाने ओळखायचे) पॅरामीटर म्हणतं. सांभाळायचं ते हे की स्क्रिप्टचा (कमांड लिहिलेल्या अख्ख्या फाइलचा) ‘डॉलर १’ वेगळा आणि फंक्शनच्या आतला वेगळा. स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून दिलेलं फाइलचं नाव फंक्शनला ‘डॉलर १’ म्हणून हवं असेल, तर कॉल करताना ते पुन्हा हाताने पाठवावं लागतं.