रुसियोंच्या वाईन

रुसियों हा दक्षिण फ्रान्समधील, स्पेनच्या सीमेलगतचा द्राक्षप्रदेश. पूर्वेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला पिरेनीज, उत्तरेला कोर्बिएरच्या टेकड्या, पश्चिमेला कानिगूचे शिखर आणि मधून वाहणाऱ्या आग्ली, तेत व तेक या नद्या. हा फ्रान्सच्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. पाऊस बहुतेक शरद आणि वसंतात, तोही मोजक्या जोरदार सरींत पडतो. उन्हाळा कोरडा जातो.

वायव्येकडून सुटणारा त्रामोंतान वारा वेली वाळवतो. त्यामुळे भुरी-केवड्यासारखे बुरशीचे रोग कमी पडतात, मात्र जमिनीतली ओलही उडते. म्हणून जुन्या वेली मांडवावर न चढवता बुटक्या झुडपासारख्या राखल्या जातात. ग्रनाश आणि कारिन्यॉं या जाती अशा उन्हा-वाऱ्यात तग धरतात. मणी लहान, साखर भरपूर. उत्पादन मात्र थोडे.

ऊन सगळीकडे सारखेच. चवीतला फरक मुख्यतः जमिनीमुळे पडतो. मोरी गावाभोवती काळ्या शिस्टचा (सुभाजा) खडक आहे. तो पापुद्र्यांनी फुटतो, फटींतून मुळे खोल ओलीपर्यंत पोचतात आणि तापलेला काळा दगड रात्रीही ऊब देतो. तिथला ग्रनाश गडद व भारदस्त उतरतो. जवळच लेस्केर्दच्या ग्रॅनाइटच्या भुरभुरीत वाळूत तोच ग्रनाश हलका आणि सुगंधी होतो. चुनखडीच्या चिकणमातीत हिवाळ्यातले पाणी टिकते, त्यामुळे वेलींवर ताण कमी येतो.

बान्युल्सचे समुद्रकाठचे उतार इतके तीव्र आहेत की एकाच वादळी पावसात माती वाहून जाईल. त्यासाठी दगडी बांध रचून पायऱ्या केल्या आहेत आणि पाणी वळवायला कोंबड्याच्या पंजासारखे फाटे फुटलेले दगडी चर बांधले आहेत. यंत्राला तिथे वाट नाही. तोडणी हातानेच होते.

एवढ्या साखरेचा उपयोग गोड वाईनसाठी झाला. आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना मद्यार्क घालून ती थांबवायची, म्हणजे द्राक्षांचीच साखर शिल्लक राहते. ही रीत तेराव्या शतकातील वैद्य आर्नाउ दे व्हिलानोव्हाच्या नावाशी जोडली जाते. बान्युल्स, मोरी आणि रिव्हसाल्ट यांना १९३६ मध्ये मूळस्थानाची मान्यता (ते नाव त्या प्रदेशातल्याच वाईनला लावण्याचा हक्क) मिळाली. काही वाईन काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून उघड्यावर, उन्हात मुरवतात. त्यांना अक्रोड व सुक्या अंजिराचा स्वाद येतो. गोड वाईनची मागणी ओसरल्यावर तीच जुनी शिवारे कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या वाईनकडे वळली. मोरीच्या कोरड्या लाल वाईनला २०११ मध्ये स्वतंत्र मान्यता लाभली.

२०२२ आणि २०२३ च्या दुष्काळाने मात्र या काटक वेलींनाही जेरीस आणले. आता बागाईतदार तोडणी लवकर करतात, उंचावरच्या थंड जमिनी शोधतात.